आठ दिवसांचं इंग्रजी

जून जवळ आला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांत इंग्रजीचे प्रश्न वाढतात. या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. मी सांगली जिल्ह्यात, त्यातही बराच काळ जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर, 31 वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. खाली जे सांगते आहे ते त्या वर्गांतून आलेलं आहे.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेवर शिक्षक आहे. पहिली ते चौथी मिळून 27 मुलं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सहा शाळांसाठी इंग्रजीचा वर्षभराचा आराखडा करायचं काम शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, माझ्याकडं आलं. पुस्तकातले पाठ महिन्यांत वाटून मी तक्ता केला, पण तो बघून माझंच समाधान होत नाही. सगळे पाठ घेऊन झाले तरी चौथीतल्या मुलाला इंग्रजीत पाणी मागता येत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, तुम्ही केला तो पुस्तकाचा वेळापत्रक-तक्ता झाला. मुलाचा आराखडा अजून व्हायचा आहे, आणि तुम्हाला ते जाणवलं हेच मला मोलाचं वाटतं.

सगळ्यात आधी वेळ मोजा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास सांगितले आहेत. त्यात इंग्रजीची रोज एक तासिका धरली तरी प्रत्यक्षात ती होते किती वेळा? एका वर्षी मी दैनंदिनीत टिकली मारत गेले. चाचण्या, जयंत्या, प्रशिक्षणं, सर्वेक्षणं, पावसानं बुडालेले दिवस वजा जाता 140 तासिका झाल्या. 35 मिनिटांची एक, म्हणजे वर्षाचे जेमतेम 82 तास. लहान मूल घरात दिवसाला आठ-दहा तास आपल्या भाषेत वावरतं. त्या मापानं वर्षभराचं इंग्रजी म्हणजे आठ दिवस. तुमच्याकडं एका खोलीत दोन वर्ग, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी.

आठ दिवसांत काय करायचं, असा प्रश्न स्वतःला विचारला की पुष्कळ गोष्टी आपोआप गळतात. सगळ्यात आधी गळते ती अक्षरं गिरवणं.

हे मी ठेच खाऊन शिकले. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं, त्यामुळं सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी कसं शिकवायचं हे आमच्यापैकी कुणी करून पाहिलेलं नव्हतं. मी स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवून शिकले होते, तेच पहिलीला सुरू केलं. दिवाळीपर्यंत सगळ्या मुलांना सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान अक्षरं लिहिता येऊ लागली. पाट्या भरलेल्या दिसत आणि मला समाधान वाटे. दिवाळीनंतर एकदा एका मुलीकडं हात पुढं करून मी म्हटलं, ‘गिव्ह मी युअर स्लेट.’ तिनं पाटी छातीशी घट्ट धरली आणि माझ्याकडं बघत राहिली. चार महिने ती रोज त्या पाटीवर इंग्रजी लिहीत होती, आणि पाटीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. ती चूक पूर्णपणे माझी होती.

दुसरी गोष्ट आमच्या तालुक्यानं शिकवली. दिवाळी झाली की जतच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला जोडपी निघतात. काही मुलं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि काही आईबापाबरोबर जातात. गेलेली मुलं परततात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. दुसरीतला असाच एक मुलगा एप्रिलमध्ये परत आला. सगळं पुसलं गेलं असेल असं मी धरून चालले होते. त्याच्यामागून त्याची चार वर्षांची बहीण वर्गाच्या दारात आली आणि तिथंच थबकली. तो वळून तिला म्हणाला, ‘कम हिअर. सिट डाउन.’ ती आली आणि बसली. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, पाच महिने तो तिच्याशी शाळा-शाळा खेळत होता. सप्टेंबरमध्ये घेतलेल्या पाठातली एक ओळही त्याला आठवत नव्हती. अंगानं केलेलं तेवढं टिकलं होतं.

शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे एक ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात काम करत होते. बंगालमधली पुष्कळ मुलं शाळा अर्ध्यात सोडतात हे पाहून त्यांनी विम्यातला शब्द शिक्षणाला लावला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात किती येतं? तसंच, मुलानं आज शाळा सोडली तर त्याच्या हातात काय राहतं? सर, तुमच्या तक्त्यात महिन्यासमोर पाठाचं नाव आहे. ते खोडा आणि तिथं लिहा, ‘या महिन्याअखेर मूल गेलं तर इंग्रजीत काय करता येऊन जाईल?’ जून : दहा हुकूम ऐकून करता येतात. जुलै : दप्तरातल्या आठ वस्तू मागता येतात, ‘थँक यू’ म्हणता येतं. असं चौथीच्या मार्चपर्यंत जा. पाठ त्याला जोडून घ्या. पुस्तक बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. बालभारतीच्या पुस्तकांतली चित्रं आणि गाणी या कामाला छान लागतात. फक्त पुढं काय येणार हे पुस्तकानं ठरवू नये.

पहिलीचं वर्ष कानाचं. तान्हं मूल ‘दे’, ‘घे’, ‘टाटा कर’ हे आधी करून दाखवतं, बोलतं किती तरी नंतर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी 1960च्या दशकात यावरच एक पद्धत बसवली : शिक्षकानं सांगायचं, मुलानं अंगानं करायचं, बोलायची सक्ती नाही. मला ते नाव फार उशिरा कळलं, पण पटलं लगेच. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’, ‘ओपन द डोअर’, ‘ब्रिंग द रेड बॉल’. अशी वीस-पंचवीस वाक्यं आणि आठवड्याला पाच नवे शब्द. कामाचे तीस आठवडे धरले तर वर्षाला दीडशे शब्द. याहून जास्त घेऊ नका. नवे शब्द कमी करा पण जुने परत परत आणा. माझ्या वर्गात भिंतीवर शब्दांचा तक्ता असे, आणि ज्या दिवशी तो शब्द कुठंही वापरात आला त्या दिवशी त्याच्यासमोर खडूनं एक ठिपका. दहा वेगवेगळ्या दिवसांचे दहा ठिपके झाल्याशिवाय तो शब्द ‘झाला’ असं मी म्हणत नसे. संध्याकाळी तक्त्याकडं बघितलं की उद्या काय आणायचं ते समजे. ठिपके कमी असलेले शब्द परिपाठाला घ्यायचे.

आता एक तास जवळून दाखवते, कारण आराखड्याचा खरा कस तिथं लागतो. रिकामी काड्यापेटी आणि एक खडू. मराठीत आपण ‘पेटीत’, ‘पेटीवर’, ‘पेटीखाली’ म्हणतो, आत-वर-खाली सगळं शब्दाच्या शेवटाला चिकटतं. इंग्रजीत ते आधी येतं आणि सुटं येतं : ‘इन द बॉक्स’, ‘ऑन द बॉक्स’, ‘अंडर द बॉक्स’. म्हणून आपली मुलं ‘बॉक्स इन’ म्हणतात. ती चुकतात कारण त्यांची मराठी पक्की आहे. हे त्यांना नियम म्हणून सांगू नका. एका मुलानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं खडू लपवायचा, आणि सगळ्यांनी विचारायचं, ‘व्हेअर इज द चॉक?’ पहिल्या दिवशी मूल फक्त ‘इन’ म्हणेल. तुम्ही म्हणा, ‘येस, इन द बॉक्स.’ चूक दाखवायची नाही, बरोबर वाक्य परत द्यायचं. माझ्या वर्गात चौथ्या-पाचव्या दिवशी एखाद्या कोपऱ्यातून पूर्ण ‘अंडर द बॉक्स’ यायचं, आणि ते मी शिकवलेल्या चालीत नसायचं, त्या मुलाच्या स्वतःच्या सुरात असायचं. तो सूर बदलला की समजायचं, आता हे त्याचं झालं. मग तेच वाक्य अंगणात न्या : चप्पल कुठं, मांजर कुठं, बॉल कुठं.

दुसरीत चार-पाच साचे पुरेत. ‘आय हॅव’, ‘आय लाइक’, ‘धिस इज’, ‘व्हेअर इज’, ‘कॅन यू’. मराठीत फळा तो, खुर्ची ती, टेबल ते, त्यामुळं मूल खुर्चीला ‘शी’ म्हणतं. वस्तूला ‘इट’ म्हणायची सवय खेळातूनच लागते.

वाचन मी पहिलीच्या उत्तरार्धात सुरू करत असे, आणि इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच. ‘क’ला क म्हणतात आणि तो क असाच वाजतो. इंग्रजीत ‘एच’च्या नावात ह नाही, ‘डब्ल्यू’च्या नावात व नाही. उलट ‘वाय’च्या नावात व आहे, पण तो त्या अक्षराचा आवाज नव्हे. एका मुलानं ‘वॉटर’ लिहायला ‘वाय’पासून सुरुवात केली होती. मी आधी त्याला खोडायला सांगितलं, आणि दुपारी घरी जाताना वाटेत उमगलं की त्यानं आवाज अगदी नीट ऐकला होता. मी नाव शिकवलं होतं, आवाज शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला तसं सांगितलंही.

तेव्हा नावं नंतर, आवाज आधी. आणि क्रम वर्णमालेचा नको. ब्रिटनमधल्या शाळांत आवाजावरून वाचन शिकवताना बहुधा एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेतात. एवढ्यावर ‘सॅट’, ‘सिट’, ‘टॅप’, ‘पिन’, ‘टिन’, ‘पॅन’, ‘अँट’ हे शब्द जुळतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल स्वतःच्या जिवावर वाचतं. आणखी एक फायदा : ‘बी’ आणि ‘डी’ एकमेकांपासून लांब ठेवता येतात. वर्णमालेनं गेलात तर ही जुळी भावंडं पहिल्या चारांतच येतात आणि मुलं महिनोन् महिने त्यांची अदलाबदल करत राहतात. पण एक पथ्य पाळा. जो शब्द मुलानं ऐकलेला आणि वापरलेला आहे तोच वाचायला द्या. आवाज जोडून ‘निप’ वाचता आलं आणि निप म्हणजे काय हे माहीत नाही, तर ते वाचन झालं नाही. ‘द’, ‘इज’, ‘वॉज’ असले शब्द आवाज जोडून वाचता येत नाहीत, ते नजरेनंच ओळखायचे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी 1936 साली मुलांच्या पुस्तकांत सारख्या येणाऱ्या 220 शब्दांची यादी केली होती. आपल्याला पहिल्या दोन वर्षांत त्यातले चाळीस पुरेत.

इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून देऊ नका. दोन ओळी असल्या की डोळा ओळखीच्या ओळीवरच जातो, इंग्रजी अक्षरांकडं मूल बघतच नाही. तुमच्या स्वतःच्या वहीत हवा तर लिहून ठेवा.

तिसरी-चौथीत काम द्या. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगलोर-मद्रासकडच्या सर्वसाधारण शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाच्या पायऱ्या बाजूला ठेवून त्यांनी मुलांना कामं दिली : नकाशा बघून वाट सांगा, रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी शोधा. आधी सगळ्यांनी मिळून एक काम करायचं, मग तशाच प्रकारचं दुसरं ज्यानं त्यानं एकट्यानं. मी रेल्वेऐवजी एसटी घेतली. फळ्यावर पाच गाड्यांचा तक्ता : जत ते सांगली सातला, जत ते मिरज साडेनऊला, असं. ‘माय आंटी इज इन सांगली. शी इज सिक. आय वॉन्ट टू रीच बिफोर ट्वेल्व्ह. विच बस?’ मुलं बोटं मोजतात, भांडतात, ‘नो बाई, दॅट बस इज लेट’ म्हणतात. एकदा एका मुलीनं सांगितलं की साडेनऊची गाडी बाजाराच्या दिवशी भरून येते आणि आमच्या फाट्यावर थांबतच नाही. तिनं हे अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. मी तिची मराठी थांबवली नाही. त्या वाक्यातले ‘नो स्टॉप’, ‘फुल बस’ हे शब्द तिला खरोखर हवे होते, म्हणून आले. चौथीअखेर आठवडी बाजार, आजारी पडणं, पाहुण्याला वाट सांगणं, स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहिणं, एवढं जमलं की पाचवीच्या शिक्षकाला पाया मिळतो.

दोन वर्ग एका खोलीत असतात याचा उपयोग करा. पहिली-दुसरीचे ऐकण्याचे खेळ एकत्रच घ्या. दुसरीचं मूल हुकूम देतं, पहिलीचं करतं. दुसरीला बोलणं मिळतं, पहिलीला ऐकणं. तुमची पंधरा मिनिटं वाचतात, आणि त्या वेळात तिसरी-चौथीजवळ बसता येतं.

मूल्यमापन लेखी ठेवलंत की हा सगळा आराखडा परत गिरवण्याकडं जाईल. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं, हे आपण सगळे जाणतो. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला जवळ बोलवा, तीन मिनिटं द्या. पाच हुकूम, एक चित्र, तीन प्रश्न. 27 मुलं म्हणजे 81 मिनिटं, चार दिवसांत होतात. नोंद वहीत एका ओळीची : काय केलं, कुठं अडलं.

मुलांच्या घरच्या भाषेबद्दलही थोडं. जतच्या पूर्व भागात पुष्कळ मुलं घरी कन्नड बोलतात. त्यांना मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना मराठीतून इंग्रजी समजावत होते, म्हणजे एका अनोळखी भाषेतून दुसरी. मग मी त्यांच्याकडूनच शब्द घेऊ लागले. पाणी, नीर, वॉटर. ये, बा, कम. तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी आले की गप्प बसणारी मुलं मान वर करत. घरची भाषा अडलेल्या ठिकाणी एक वाक्य म्हणून वापरा, पण प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका. मुलांना कळतं की पाठोपाठ मराठी येणारच आहे, आणि ती इंग्रजी ऐकणं सोडून देतात.

शेवटी सहा शाळांतल्या शिक्षकांचं. ‘माझंच इंग्रजी कच्चं आहे’ हे त्यांच्यातले निम्मे मनात म्हणत असतील, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्गात लागणारी वाक्यं शे-दीडशेच असतात, ती पाठ होतात. 2016 पासून राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या तेजस प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटून इंग्रजीच्या तासाबद्दल बोलत. त्यातली ‘शिक्षकानं शिक्षकाला दाखवायचं’ ही गोष्ट मला फार आवडली. तुमच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एकानं दहा मिनिटांचा एक खेळ इतरांवर घेऊन दाखवावा. छापील आराखडा कपाटात जातो, करून पाहिलेला खेळ दुसऱ्या दिवशी वर्गात जातो.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. शेजारचा मुलगा इंग्रजी माध्यमात सीनियर केजीत, त्याला दहा पोएम येतात. माझे यजमान म्हणतात शाळा बदलू, निदान घरी तरी इंग्रजी बोलू. आम्हा दोघांचंही इंग्रजी बेताचं आहे.
— एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, ही तुलना तुम्हाला रोज सोसावी लागत असणार, त्यामुळं तुमची घालमेल मला समजते. इंग्रजी हवं या तुमच्या इच्छेत काहीच गैर नाही. एनसीईआरटीनं इंग्रजी अध्यापनावर 2006 साली काढलेल्या आधारपत्रातही म्हटलं आहे की इंग्रजी कितव्या इयत्तेपासून असावं हा आता लोकांच्या आकांक्षांचा प्रश्न झाला आहे.

पण घरी बेताचं इंग्रजी बोलू नका. मुलीशी तुम्ही मराठीत किती गोष्टी बोलता बघा : आजोळी काय झालं, आमटीला फोडणी नीट का बसली नाही, बाबा कुणावर रागावले आणि का. यातून ती कारण सांगायला, क्रम लावायला, दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकते. हे सगळं बंद करून ‘ईट’, ‘कम’, ‘स्लीप’ एवढ्यावर आलात तर घरातलं बोलणंच आटेल. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 साली मांडलं की पहिल्या भाषेत कमावलेली विचार करायची, वाचायची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. वर्गात मी हेच पाहिलं. जी मुलं गोष्ट मराठीत नीट सांगत, ती तिसरीनंतर इंग्रजीत झपाट्यानं पुढं जात.

शाळा बदलण्याआधी त्या शाळेत एकदा जाऊन बसा. कविता म्हणायला लावू नका, कविता छानच असतात, पण त्या पाठ होतात. एखादं नवं चित्र दाखवा आणि तिथल्या दुसरीतल्या मुलाला विचारा, ‘व्हॉट इज शी डूइंग?’ मग हाच प्रश्न तुमच्या मुलीच्या वर्गात विचारा. दोन्हीकडं काय उत्तर येतं ते ऐकून ठरवा. तुमच्या शाळेत गप्प बसणं आढळलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय काढा. समितीत पालकच बहुसंख्य असतात आणि त्यांनी हे विचारायलाच हवं.

घरी काही करायचंच असेल तर रात्री झोपताना एक गोष्ट. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात, आणि एकच गोष्ट अनेकदा मराठीत आणि इंग्रजीतही असते. आधी मराठीत वाचा, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. तुमचा उच्चार कसा का असेना.

प्रश्न : पहिलीपासून जोडाक्षरी वळणाची, म्हणजे कर्सिव्ह, इंग्रजी घ्यावी का? पालकांना ती सुंदर वाटते.
— एक शिक्षिका, बीड

उत्तर : नको. मूल पुस्तकात जे अक्षर बघतं तेच त्यानं लिहावं. एका अक्षराची मोठी आणि लहान अशी दोन रूपं आधीच आहेत, त्यात आणखी दोन घालू नका. पुढं हात बसल्यावर घ्या. पालकांना मुलाचं वाचन ऐकवा, वळणाचा विषय ते स्वतःच सोडतात.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे, शेती करतो. माझं शिक्षण जुनी अकरावी. नातू तिसरीत. त्याच्या इंग्रजीसाठी मी काही करू शकतो का, की माझ्या जुन्या पद्धतीनं नुकसानच होईल?
— एक आजोबा, जुन्नर तालुका

उत्तर : आजोबा, तुमच्याइतका वेळ आणि धीर घरात दुसऱ्या कुणाकडं नसेल. रोज दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचायला लावा आणि शेजारी बसून ऐका. स्पेलिंगं घोकून घेऊ नका, शब्दार्थ विचारू नका. पान संपल्यावर एवढंच विचारा, ‘काय झालं रे गोष्टीत?’ त्यानं मराठीत सांगितलं तरी चालेल. शेतावर गेलात की त्यालाच तुम्हाला शिकवू द्या : बैलाला काय म्हणतात, विहिरीला काय, कांद्याला काय. त्याला न आलेला शब्द वहीत लिहून शाळेत न्यायला सांगा, बाईंना विचारून येईल.

वाचताना तो अडेल. त्या वेळी लगेच सांगू नका. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तीनला त्याचे ओठ हलायला लागतात.